ऑफिस टाइम

आमच्या शाळेच्या पायऱ्यांखाली दोन हात रुंद आणि दहा-बारा हात लांब अशी एक मुरमाड पट्टी आहे. तिथे दुसरे काही जगत नाही. मोगरा लावला, तो वाळला. जास्वंदीने कसाबसा एक उन्हाळा काढला आणि तीही गेली. आज त्या पट्टीवर ऑफिस टाइम पसरले आहे. ऊन चढले की कुणी राणी रंगाचे लुगडे मुरमावर वाळत घातले आहे असे वाटते.

या फुलाला कुणी चिनी गुलाबही म्हणतात. पण ते ना चीनचे, ना गुलाबाच्या कुळातले. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत आहे. जॉन गिलीज या स्कॉटिश डॉक्टरला ते अर्जेंटिनात, मेंडोझाच्या आसपासच्या वाळवंटी रानात दिसले आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याला शास्त्रातले नाव दिले. कूळ मात्र आपल्या ओळखीचे आहे. डाळ घालून आपण जी घोळीची भाजी खातो, तिची ही बहीण. तीच मांसल पाने, तेच जमिनीला बिलगून पसरणे.

पहिली काडी आमच्या घरी सौभाग्यवतीने आणली. मी तिचे लाड सुरू केले. कुंडीत निम्मे शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. काडी तरारली, पण फूल एक नाही! मग देठ काचेसारखे पारदर्शक दिसू लागले आणि एका सकाळी बोट लावताच सगळे झाड बुडापासून गळून हातात आले.

"अहो, त्याच्या पानातच पाणी आहे," ही म्हणाली, "आणखी किती पाजाल?"

तिने शेंड्याचा एक धडका तुकडा खुडला, न्हाणीमागच्या मुरमात खोचला आणि ती विसरून गेली. महिन्याभरात तिथे फुले!

तेव्हापासून मी शहाणा झालो. बोटभर काडी घ्यावी, खालची पाने काढावी, दिवसभर सावलीत जखम सुकू द्यावी आणि मग खोचावी. मातीत निम्मी वाळू हवी, पाणी साचू नये म्हणून वाफ्याला उतार हवा. आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. ऊन मात्र दिवसाचे पाच-सहा तास तरी हवेच. बहर ओसरला की शेंडे खुडावे, म्हणजे नवे फुटवे येतात. पाण्याचा ताण पडला की हे झाड रात्रपाळी करते. दिवसा पानांची छिद्रे मिटून पाणी राखते, रात्री हवा आत घेऊन ठेवते आणि सकाळी उन्हात तिचे अन्न करते. मॅट्रिक झालेल्या मास्तराला हे समजले तेव्हा न्हाणीमागे जाऊन त्या झाडाला नमस्कार करावासा वाटला.

पुढे त्याच्या काड्या मी शाळेत नेल्या. आमची शाळा साडेदहाला भरते आणि त्याच सुमारास ही फुले उघडतात. मास्तराला आणखी काय हवे! मी मुलांना सांगू लागलो, "बघा, हे फूल घड्याळ न पाहता वेळेवर येते."

हे सांगताना माझा रोख एका मुलावर असे. तो चौथीत होता आणि रोज सव्वाअकराला येई. मी त्याला फुलांसमोर पायरीवर उभे करी. "त्यांच्याकडून शीक," म्हणे. तो खाली मान घालून फुलांकडे बघत राही. एकदा त्याने गवताची काडी फुलात घातली. मी ओरडणार तोच तो म्हणाला, "गुर्जी, ह्ये बगा, केसर काडीकडं वाकतंय!" मी वाकून पाहिले. खरेच, स्पर्श झाला त्या बाजूला केसर हळूहळू झुकत होते. दोन वर्षे मी ती फुले वाढवली होती, पण हे मला दिसले नव्हते.

तरी त्याचे उभे राहणे मी थांबवले नाही.

मग श्रावणात एक दिवस आभाळ भरून आले. साडेदहा झाले, अकरा झाले, एकही फूल उघडले नाही. सव्वाअकराला स्वारी आली, वाफ्यापाशी थबकली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "गुर्जी, आज ह्यान्ला बी उभं करायचं का?"

वर्ग हसला. मला राग आला, आणि त्या दिवशी मी त्याला मधल्या सुटीपर्यंत उभे ठेवले.

रात्री झोप येईना. फूल घंटेने उघडत नाही. ऊन मिळाले तरच उघडते, ही गोष्ट मला ठाऊक होती. मी कादंबऱ्या लिहितो, माणसांच्या मनात शिरतो असे लोक म्हणतात. पण या मुलाला "उशीर का होतो?" असे मी एकदाही विचारले नव्हते! दुसऱ्या दिवशी विचारले. आईबाप उजाडताच खुरपणीला जात. अंगणवाडी अकराला उघडे. तोवर धाकटी बहीण त्याच्या कडेवर. तिला तिथे सोडून तो धावत येई. "उद्यापासून तिला घेऊन ये," मी म्हणालो. मग ती पायरीवर बसून फुले मोजू लागली.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली घरे कुलपे लावून ऊसतोडीला निघतात. गावात पोरांसाठी हंगामी वसतिगृह असते. पण धाकटीला सांभाळायचे म्हणून तोही निघाला. जाताना दुधाच्या रिकाम्या पिशवीत त्याने चार काड्या मागून नेल्या. "पाणी कमी घाल," एवढेच मला सांगता आले.

चैत्रात ती माणसे परतली. तो शाळेत आला, साडेदहाच्याही आधी. उंची वाढली होती, हातांवर पात्याचे ओरखडे होते.

"फुलली का रे?" मी विचारले.

"काय म्हाईत, गुर्जी! आमी अंधारात फडात जायचो, दिस बुडाल्यावर कोपीवर यायचो. तवा समदी मिटल्यालीच असायची."

मला काय बोलावे ते सुचेना. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. मोहरीच्याही कितीतरी पट बारीक, करडे चकचकीत बी. या फुलाचे बोंड डबीसारखे असते, पिकले की वरचे झाकण सुटून पडते.

"झाकणं निघाल्याली दिसली," तो म्हणाला. "म्हंजी फुललीच असतील की!"

ते बी आम्ही दोघांनी वाळूत मिसळून पट्टीच्या मोकळ्या टोकाला पेरले. वर माती घातली नाही. उघड्यावर उजेड मिळाला की ते चांगले रुजते. घंटा झाली तरी आम्ही तिथेच बसलो होतो. त्या दिवशी वर्गावर जायला मलाच उशीर झाला.