उंबराचं फूल, केअर ऑफ टी-७

उंबराचं फूल तुम्ही पाहिलंय? महिनोन् महिने तोंड न दाखवणारा मित्र भेटला, की आपण हमखास म्हणतो, ‘काय रे, उंबराचं फूल झालास!’ उंबराला फूल येतच नाही, आलंच तर कुणाला दिसत नाही, अशी आपली पिढीजात समजूत. आता खरी गंमत ऐका. उंबराला फुलं येतात आणि ढिगानं येतात. फक्त ती आतल्या आत येतात. बुंध्याला लगडलेली जी हिरवी-लालसर गोळी आपण फळ म्हणून ओळखतो, ती म्हणजे एक बंद खोली. आतल्या सगळ्या भिंतींवर इवली इवली फुलं चिकटलेली. खिडकी नाही. टोकाला एक बारीकसं दार, तेही खवल्यांनी बंद.

अशा खोलीत परागीकरण कोण करणार? फुलपाखराला एंट्री नाही, मधमाशीला नाही. एंट्री फक्त एकीला. तिची ओळख करून देतेच, पण आधी मला ती कुठे भेटली ते सांगते. सोसायटीच्या मिटिंगमध्ये!

मुलुंडची आमची बिल्डिंग १९७४ सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात बादल्या. मागे पंपाच्या खोलीला टेकून एक भलाथोरला उंबर. तो कुणी लावलेला नाही. बिल्डिंग झाल्यावर तीन-चार वर्षांनी आपला आपणच उगवला, असं तळमजल्यावरच्या आजी सांगतात. गेल्या वर्षी रीडेव्हलपमेंटचं घोडं एकदाचं पुढे सरकलं आणि बिल्डरच्या आर्किटेक्टनं पडद्यावर प्लॅन दाखवला. कंपाउंडमधल्या प्रत्येक झाडाला नंबर होता. आमचा उंबर म्हणजे टी-७. त्याच्यावर लाल फुली. कारण पोडियम पार्किंगचा रॅम्प नेमका तिथूनच चढत होता.

‘काळजी करू नका, एकाच्या बदल्यात ४०-५० झाडं लावून देऊ,’ बिल्डरचा माणूस म्हणाला. यात त्याचं औदार्य काही नव्हतं, कायदाच तसा आहे. महाराष्ट्राचा शहरी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची, आणि ५० किंवा त्याहून जास्त वयाचं झाड असेल तर ते ‘हेरिटेज’. आमचा टी-७ असेल ४७-४८ वर्षांचा. म्हणजे बिचाऱ्याची हेरिटेजची गाडी दोन-तीन वर्षांनी चुकली!

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जाणार, अठ्ठेचाळीस येणार. एक्सेलमध्ये टाकलं तर निव्वळ नफा. माझा अख्खा दिवस एक्सेलमध्येच जातो, त्यामुळे बेरीज बरोबर आहे हे मलाही दिसत होतं. पण काहीतरी खटकत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं. म्हणून वाचायला लागले. आणि रविवारी सकाळी चहाचा मग घेऊन गच्चीतून टी-७ कडे बघत बसायला लागले.

दोन दिवसांचं करिअर

तर ती एकमेव एंट्रीवाली. गावाकडची जुनी माणसं तिला ‘केंबरं’ म्हणतात. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण आकारानं तिळाएवढी. पंख फुटल्यावर तिच्याकडे वेळ असतो जेमतेम एक-दोन दिवस. या वेळात तिनं दुसरा असा उंबर शोधायचा, ज्याची फुलं आत्ता, याच घडीला तयार आहेत. तयार झालेलं झाड हवेत एक खास वास सोडतं. आपल्याला तो कळतही नाही, तिला मात्र तोच पत्ता.

पोचली की त्या बारीक दारातून ती आत घुसते. दार इतकं अरुंद, की घुसताना तिचे पंख आणि मिशा मोडतात. परतीचं तिकीटच नाही! आत ती सोबत आणलेले परागकण फुलांवर घालते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी, तिथे तिची पिल्लं वाढतात. बाकीच्या फुलांत उंबराचं बी धरतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात, बिनपंखांचे. माद्यांशी मीलन करायचं, त्यांच्यासाठी भिंत पोखरून वाट काढायची आणि संपायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या परागकण घेऊन त्या वाटेनं बाहेर पडतात आणि दोन दिवसांची धावपळ पुन्हा सुरू.

आपल्याला वाटतं, आपलीच डेडलाइन जीवघेणी...

वडा-पिंपळाचंही असंच. ही सगळी एकाच कुळातली मंडळी. जगभरात या कुळाच्या साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेक प्रत्येकीची माशी वेगळी. वटपौर्णिमेला ऑफिसात ज्या फांदीला आपण डेस्कवर ठेवून दोरा गुंडाळतो, तिच्यावरच्या लाल फळांतही कुणाचा तरी संसार चालू असतो. (आणि हो, घाबरून सुका मेवा टाकून देऊ नका. आपल्याकडच्या पुरंदरच्या अंजिराला फळ धरायला माशी लागत नाही.)

स्टेशनं लांब गेली तर?

आता यातली खरी मेख. एका उंबराची फळं साधारण एकाच वेळी तयार होतात. त्यामुळे टी-७ मधून निघालेल्या माशीला टी-७ वर काम नसतं. तिला दुसरं झाड लागतं आणि त्याचं वेळापत्रक वेगळं असावं लागतं. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि प्रत्येक झाड आपापल्या सवडीनं फळतो, म्हणून हे जमतं. लोकलसारखं समजा. माशीला पुढचं स्टेशन गाठायचं असतं आणि गाडी दोनच दिवस चालते.

वाऱ्यावर स्वार होऊन या माश्या पुष्कळ लांब जातात. आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या एका भाऊबंदाची माशी १६० किलोमीटरपर्यंत पराग नेते, असं २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे आमचा एक टी-७ गेला म्हणून मुंबईतली केंबरं संपणार नाहीत. तसं म्हणणं खोटं ठरेल. पण शहरात कुठलीच गोष्ट एका दिवसात संपत नाही. एक स्टेशन बंद होतं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.

आणि माशी ही तर फक्त आतली मंडळी. बाहेरची गर्दी बघायला रविवार पुरत नाही! ठोक-ठोक करणारा तांबट, कोकीळ, बुलबुल, एखाद दिवशी राखी धनेश, रात्री वटवाघळं. पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्याही आहेत. काही लबाड माश्या परागीकरणाचं काम न करता बाहेरूनच फळाला सुई टोचून अंडी घालतात. मुंग्या त्यांना पकडतात आणि नकळत झाडाची सिक्युरिटी सांभाळतात. जगभरात १,२०० हून जास्त जातींचे पक्षी-प्राणी या कुळाची फळं खातात. बाकीच्या झाडांवर काही नसतं, अशा दिवसांतही यांच्यापैकी कुणी ना कुणी फळलेलं असतं. म्हणून शास्त्रज्ञ या झाडांना जंगलाचा आधारस्तंभ मानतात. आमच्या मुलुंडला तर नॅशनल पार्क पाठीलाच आहे. पार्कातला पक्षी इथे जेवतो, तिथे बी टाकतो. टी-७ तरी कुणी लावला होता? असाच कुणीतरी टाकून गेला.

आता त्या अठ्ठेचाळीस झाडांकडे वळू. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ती म्हणजे रॉयल पामची रांग. दिसतात छान, तक्रार नाही. पण ही झाडं मूळची क्युबा-फ्लोरिडाकडची. तांबटाला त्यांच्यावर उंबरं मिळणार नाहीत आणि केंबराला तर त्यांच्यावर दारच नाही.

असा अनुभव कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांनी घेतलाय. १८८० च्या दशकात त्यांनी तुर्कस्तानातल्या प्रसिद्ध स्मर्ना अंजिराची झाडं हौसेनं आणली. झाडं जोमानं वाढली, फळं मात्र कच्चीच गळून पडायची. या जातीला माशी लागते आणि ती मागेच राहिली होती. शेवटी १८९९ मध्ये ती माशी आणून तिथे रुजवली, तेव्हा कुठे अंजीर हाती लागले. झाड बोटीत घालून आणता येतं, त्याचे सगेसोयरे वेगळे आणावे लागतात.

उलटंही घडतं. १९९८ च्या सुरुवातीला बोर्निओतल्या लांबिर हिल्सच्या जंगलात भीषण दुष्काळ पडला. या कुळातल्या काही झाडांनी नवी फळं धरणं थांबवलं. थोड्याच काळात त्यांच्या माश्या त्या जंगलातून नाहीशा झाल्या. झाडं उभीच होती, हिरवी होती. लांबून बघणाऱ्याला काही बिघडलंय हे कळलंही नसतं.

२०१९ मध्ये जैवविविधतेवरचा आंतरराष्ट्रीय अहवाल आला. सुमारे १० लाख जाती नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत, असं त्यात म्हटलंय. त्याची पाच मुख्य कारणं दिली आहेत : जमीन-समुद्राचा बदललेला वापर, ओरबाडणं, हवामानबदल, प्रदूषण आणि परक्या जातींचं आक्रमण. वाचताना वाटतं, हे अॅमेझॉनचं चाललंय. पण आमच्या कंपाउंडमध्ये बघा ना. झाडाच्या जागी रॅम्प, हा जमिनीचा वापर. डासांसाठी मारलेला धूर केंबराला वेगळं ओळखत नाही, हे प्रदूषण. आणि उन्हाळा? सिंगापूरमध्ये २०१३ साली संशोधकांनी अशाच माश्या जास्त तापमानात ठेवून पाहिल्या. तीनेक अंश वाढले, की त्यांचं आधीच चिमुकलं आयुष्य आणखी घटतं. एक-दोन दिवसांच्या आयुष्यातले तास कमी होणार आणि स्टेशनं लांब जाणार...

पुन्हा मिटिंग

हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला माझ्या आईचे गुडघे. तीन मजले तिला आता झेपत नाहीत. भाजीची पिशवी घेऊन ती प्रत्येक मजल्यावर थांबते. आम्हाला लिफ्ट हवीय आणि खरं सांगायचं तर मला स्वतःची खोलीही हवीय. ‘झाड वाचवा, बिल्डिंग राहू द्या’ असं म्हणणं माझ्या घरात कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून मी मिटिंगमध्ये एकच प्रश्न विचारला. ‘रॅम्प सरकवता येईल का?’

आर्किटेक्टनं पंधरा दिवस घेतले. येईल, म्हणाला. गेटच्या बाजूनं. उंबराच्या मुळांच्या पट्ट्यात खोदकाम करायचं नाही, बुंध्याभोवती काँक्रीट ओतायचं नाही. मात्र तीन पार्किंग कमी होतील.

झालं, हॉल पेटला! तिसऱ्या मजल्यावरचा बँकवाला म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या माशीसाठी मी गाडी काय रस्त्यावर लावू?’ प्रश्न रास्त होता. उंबरं गाडीवर पडून चिकटतात, वटवाघळं घाण करतात, हेही सगळं निघालं आणि खरंच होतं. मी केंबराची कहाणी सांगितली, त्यावर एक मत मिळालं. मग तळमजल्यावरच्या आजी शांतपणे म्हणाल्या, ‘अगं, औदुंबर आहे तो. दत्ताचं झाड.’ त्यावर चार मतं मिळाली! मी काही तक्रार केली नाही. आपल्या लोकांनी हे झाड शेकडो वर्षं राखलं ते अशाच कारणानं, आणि केंबराला कारणाशी काही देणं-घेणं नाही.

रात्री जेवताना आमच्याकडे दुसरी मिटिंग झाली. तीनपैकी एक पार्किंग आम्ही सोडायचं, असा माझा प्रस्ताव. धाकट्या भावाला दोन वर्षांत गाडी घ्यायचीय, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आई म्हणाली, ‘मला लिफ्ट मिळाली की झालं. गाडी तुम्ही कुठेही लावा.’ तिसऱ्या दिवशी भावानं विचारलं, ‘ती तुझी माशी दिसते तरी का?’ त्याला गच्चीतून काय दिसणार! मी खाली नेऊन एक गळलेलं उंबर फोडून दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. पुढे काहीच बोलला नाही, पण सेक्रेटरींना द्यायच्या पत्रावर त्यानं सही केली.

अजून दोन पार्किंगचा प्रश्न आहे. ठराव पुढच्या महिन्यात येईल. काय होईल, सांगता येत नाही.

तुमच्याकडेही रीडेव्हलपमेंटचं वारं असेलच. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाडं, सगळं विचारा. त्यासोबत झाडांचा नकाशाही मागा, आणि तोही सही करायच्या आधी. कुठलं झाड राहणार, कुठलं जाणार, जागच्या जागी काय वाचू शकतं, हे कागदावरच सोडवणं सोपं असतं. आणि झाड तोडायचा अर्ज आला, की त्याची नोटीस झाडावरही लावली जाते. तिच्यावर हरकत घ्यायची मुदत छापलेली असते. ती वाचायला लिफ्टची वाट बघण्याइतकाच वेळ लागतो.