कासवीची नजर



कासवीचा दृष्टांत आपण ऐकलेला नाही, असे होणार नाही. कासवी नदीच्या ऐलतीरी, पिले पैलतीरी. तिला पान्हा नाही, पंख नाहीत, तोंडात चारा नाही. ती नुसती पाहते आणि त्या पाहण्यावर पिले पोसली जातात. गुरुकृपा समजावून सांगायची झाली की आम्ही कीर्तनकार हा दृष्टांत काढतो. मी तो ४७ वर्षे सांगितला. एका सप्ताहात कीर्तन संपल्यावर शाळेतल्या एका पोराने मला गाठले. म्हणाला, "महाराज, कासवी वाळूत अंडी घालते आणि निघून जाते. मागं वळून बघत नाही. अंडी वाळूच्या उबेनं फुटतात." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटले, "बाळा, दृष्टांताचे एकच अंग घ्यायचे असते." उत्तर परंपरेला धरून होते. पोरगा मात्र हिरमुसला. त्याची ती उबेची गोष्ट मी नीट ऐकायला हवी होती, असे आता वाटते.

गळ्याने साथ सोडल्यापासून माझे कीर्तन बंद आहे. वारी चालू होती. गेल्या वर्षी ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून निघाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या धाकट्या सूनबाईंचा रक्तदाब एकाएकी वाढला. सातवा महिना. पहिल्या दवाखान्यात एवढ्या लहान बाळाची सोय नव्हती. तिथून रुग्णवाहिकेने मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. बाळ २९ आठवड्यांचे, मुलगी, वजन १,१२० ग्रॅम. आपल्या दिंडीतली एखादी जड टाळजोडी हातात घ्या, साधारण तेवढे. वारी अर्ध्यावर सोडून मी परतलो.

दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणून मला पाच मिनिटे आत सोडले. हात कोपरापर्यंत धुवायला लावले, घड्याळ काढायला लावले, वर गाऊन चढवला. माझ्या खिशात चंद्रभागेच्या तीर्थाची बाटली आणि बुक्क्याची पुडी होती. सिस्टरांनी ती पाहिली. वय तिशीच्या आतबाहेर, नाकावर मुखपट्टी, दिसत होते ते फक्त डोळे. म्हणाल्या, "बाबा, पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात नको, आणि मध तर नकोच. बुक्का बाळाच्या आईच्या कपाळाला लावा, तिला त्याची गरज आहे." मला राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण मी बाहेर येऊन सूनबाईंच्या कपाळाला बुक्का लावला आणि ती पोर तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली.

त्या सिस्टरांनी आमच्या मंडळींनाही एक काम दिले. पाहुणेरावळे येत होते आणि सूनबाईंना विचारत होते, काय खाल्लं होतं, कुठं वाकली होतीस, ग्रहण पाळलं नव्हतं का. सिस्टर मंडळींना म्हणाल्या, "आजी, हे तिच्यामुळं झालेलं नाही. तिला हे रोज एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या." मंडळींनी ते काकड्यासारखे रोज पाळले.

आता मी त्या काचेबाहेरच्या बाकावर बसून काय पाहिले ते सांगतो. ४३ दिवस मी दुसरे काही केलेच नाही.

एवढे लवकर आलेले बाळ श्वास घ्यायचे विसरते. हे मी अलंकारिक सांगत नाही, खरेच विसरते. मेंदूतली ती व्यवस्था अजून कच्ची असते. वीस-वीस सेकंद छाती हलत नाही, अंग निळसर पडते, यंत्र ओरडू लागते. तेव्हा सिस्टर धावत नाहीत, ओरडत नाहीत. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालतात आणि बाळाच्या तळपायावर बोटाने हलकेच टिचकी मारतात, नाहीतर पाठ चोळतात. बाळाला आठवते. श्वास सुरू होतो. आमच्या नातीला हे एका रात्रीत सात वेळा आठवून द्यावे लागले. त्यासाठी औषधही असते आणि ते कोणते, तर कॅफिन, कॉफीत असते तेच. कीर्तनाआधी कॉफी घेतो म्हणून मला एका थोर फडकऱ्यांनी बोल लावला होता. त्यांची आठवण होऊन मी त्या बाकावर एकटाच हसलो.

दुसरी गोष्ट ऐकून मी गप्पच झालो. प्राणवायू म्हणजे जीवन, जितका जास्त तितका बरा, असे आपण धरून चालतो. इथे तसे नाही. या बाळांना प्राणवायू गरजेपेक्षा जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि दृष्टी जाऊ शकते. कमी पडला तर जिवाला धोका. म्हणून पडद्यावरचा आकडा ९० ते ९५ च्या आत राखायचा. सिस्टर रात्रभर त्या आकड्याकडे पाहतात, अगदी थोडे वाढवतात, अगदी थोडे कमी करतात. साधारण महिन्याभरात नेत्रतज्ज्ञ येऊन बाळाचा पडदा तपासून जातात. नात उद्या मला ओळखेल, विठोबाचे मुख पाहील, तर ते असे कुणीतरी रात्रभर आकडा पाहत बसले म्हणून. एका सिस्टरच्या वाट्याला कधी तीन बाळे असत, कधी सहा. दर तासाला श्वास, नाडी, अंगाची उब, लघवी मोजायची आणि कागदावर लिहायची. नाम मोजणारे आपण, पण आपली माळ मध्येच थांबली तर कुणाचे काही बिघडत नाही.

दुधाचे थोडक्यात सांगतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एकत्र जमायला सुमारे ३४ वा आठवडा यावा लागतो. तोवर आईने दूध हाताने काढायचे आणि ते नळीने बाळाच्या पोटात सोडायचे, सुरुवातीला दोन-दोन मिलिलिटर. सूनबाईंना पहिल्या दिवशी जेमतेम वाटीचा तळ ओला होईल इतका चीक आला. त्या ओशाळल्या. सिस्टर म्हणाल्या, "हे औषध आहे, मी सांडू देणार नाही," आणि खरोखर थेंब न् थेंब नळीत ओढून घेतला. ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळाला दुसऱ्या मातांनी दिलेले दूध मिळावे म्हणून आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली, हे मला तिथेच कळले.

आषाढ शुद्ध नवमीला बाळाच्या नाकाची नळी निघाली आणि कांगारू पद्धत सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे, पाय बेडकासारखे दुमडून, आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून कापड बांधायचे. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही युक्ती काढली. गरिबीतून निघालेला उपाय; आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की पेट्या भरपूर असल्या तरी हेच करा, दिवसाचे आठ तास तरी करा. मला तो पोरगा आठवला, वाळूची उब सांगणारा.

दशमीला सूनबाईंना ताप आला. मुलगा औषधांसाठी बाहेर गेलेला. सिस्टर बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बसता का? छाती उघडी ठेवून तासभर. फक्त गळ्यातली माळ काढावी लागेल. आत दागिना, दोरा काही चालत नाही. मण्यांत जंतू राहतात आणि बाळाची कातडी कागदासारखी आहे."

माउली, मी अकराव्या वर्षी माळ घातली. वडील वारले तेव्हा काढली नाही, माझ्या पोटाच्या शस्त्रक्रियेतही डॉक्टरांनी ती चिकटपट्टीने खांद्यामागे दाबून ठेवली होती. मी म्हटले, "मागे सरकवली तर?" त्या म्हणाल्या, "नाही चालणार." रागावल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहत थांबल्या. माझा हात माळेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

आमच्या मंडळी शेजारी बसल्या होत्या. त्यांची माळ माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच धाकटी. त्यांनी ती काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं गळ्यात हाय. दोन घटका नसली म्हून इठोबा काय वळख इसरंल व्हय?" आणि हात धुवायला गेल्या.

एक तास त्या आत होत्या. मी काचेतून पाहत होतो. पडद्यावरचा आकडा ९१, ९३, ९४ असा स्थिर झाला. माझ्या मुठीत त्यांची माळ होती आणि गळ्यात माझी. आपण काय केले असते, हे मी विचारत नाही. शास्त्र कोणते, हेही विचारत नाही. ते दोन्ही बाजूंनी मांडण्याइतके मला येते. त्या तासात माझ्या नातीला उब कुणी दिली, एवढेच सांगतो.

आमच्या शेजारच्या पेटीत एक मुलगा होता, नातीपेक्षा लहान. द्वादशीच्या रात्री तो गेला. सूनबाईंचा ताप उतरला होता, त्या आत दूध काढत बसल्या होत्या, म्हणून पुढचे कळले. सिस्टरांनी प्रथम पडदा ओढला. मग बाळाच्या गालावरच्या चिकटपट्ट्या ओल्या कापसाने भिजवून भिजवून सोडवल्या, जणू जोरात ओढले तर त्याला दुखेल. तोंड पुसले. आईने घरून आणलेले टोपडे, जे तोवर मोठे होते म्हणून घातले नव्हते, ते खाली दुमडून घातले. खुर्ची ओढली, आईला बसवले, बाळ मांडीवर दिले आणि विचारले, "नाव काय ठेवणार होता?" आईने सांगितले. त्यानंतर सिस्टरांनी त्या बाळाला त्याच नावाने हाक मारली. दुसरे काही त्या बोलल्या नाहीत. मग हात धुतले आणि आमच्या नातीच्या दुधाची वेळ झाली होती, तिचे दूध सोडले.

सकाळी पाळी संपल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मुखपट्टी उतरवलेली. मी जवळ गेलो. ४७ वर्षांची सवय. जिभेवर वाक्य तयार होते. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, आज काही सांगू नका." मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. चहावाल्या पोराने दोन कप दिले.

वाक्य तयार होते असे म्हटले, ते कोणते, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. तिशीतला होतो. भीमाकाठच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. श्रोत्यांत एक लेकुरवाळी होण्याआधीच रिती झालेली बाई बसली होती. आठव्या महिन्यात झालेले मूल तीन दिवसांचे होऊन गेले होते. यजमान म्हणाले, महाराज, तिच्यासाठी दोन शब्द बोला. मी बोललो. देवाची ठेव होती, देवाने नेली, ऋणानुबंध तेवढाच होता. शोक कुणाचा आणि कशाला. आवाज तेव्हा चांगला होता, मृदंगाची साथ चांगली होती, लोक डोलले. ती बाई भर कीर्तनात उठून निघून गेली. तिला वैराग्य पेलले नाही, असे मी पुढे कित्येक कीर्तनांत तिचे उदाहरण देऊन सांगितले. नाव घेतले नाही, एवढाच काय तो विवेक.

नात ४३ व्या दिवशी १,७०० ग्रॅमची होऊन घरी आली. बारसे झाले. मग कार्तिकीला पंढरपूर करून परतताना मी वाट वाकडी करून त्या गावी गेलो. घर सापडले. बाई आता सत्तरीकडे झुकलेल्या, नातवंडांच्या. त्यांनी मला ओळखले. आपल्याकडे कीर्तनकाराला लोक विसरत नाहीत, हे कधीकधी फार जड जाते. मी ओट्यावर बसलो आणि म्हटले, "आक्का, त्या वेळी मी विचारले नव्हते. मुलगा होता की मुलगी?"

त्या बराच वेळ सुपातले निवडत राहिल्या.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "नाव ठेवायच्या आधीच गेली. मी मनात ठेवलं होतं."

ते काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि चहाला आत गेल्या.