कोचीचे दोन दिवस

उन्हाळी सुटीत केरळचा बेत आखणारी बरीच कुटुंबे मुन्नारला तीन दिवस देतात आणि कोचीला एक दुपार. हा हिशेब मला पटत नाही; कोचीसाठी दोन पूर्ण दिवस राखावेत.

इ. स. १३४१ च्या महापुरात पेरियारच्या मुखाशी असलेले प्राचीन मुझिरिस गाळाने निकामी झाले आणि दक्षिणेस कोचीचे बंदर उघडले, असे मानले जाते. मसाल्यांसाठी तेथे पोर्तुगीज, डच, इंग्रज आले, तसे गुजराती-कच्छी व्यापारीही आले. म्हणूनच मट्टनचेरीत १५६८ चे ज्यू प्रार्थनामंदिर आणि गुजराती रोडवरील धर्मनाथ जिनालय एकाच फेरीत पाहता येते. जिनालयात मध्यान्हीच्या सुमारास कबुतरांना दाणे घालतात, ती वेळ साधावी. शनिवारी ज्यू मंदिर बंद असते.

केरळात पाऊस साधारणतः १ जूनला पोहोचतो. तेव्हा मेचा पूर्वार्ध बरा. उकाडा दमट असतो. सोबत ज्येष्ठ असतील तर दुपार विश्रांतीलाच द्यावी.

खरी अडचण सायंकाळची. मेमध्ये तेथे सूर्यास्त साडेसहानंतर होतो आणि चौविहार पाळणाऱ्यांना तत्पूर्वी जेवण आटोपावे लागते. मट्टनचेरीच्या गुजराती वस्तीत शाकाहारी भोजन मिळते. कंदमुळांविषयी मात्र आधीच विचारून साडेपाचची वेळ ठरवावी. मग फोर्ट कोचीचा किनारा निवांत पाहता येतो. तेथील प्रसिद्ध चिनी जाळी अखेर मासेमारीचीच; आपल्या मनाला ती खुपतात. त्यांच्याकडे पाठ करून बंदरात शिरणारी जहाजे पाहावीत, नातवंडांनाही तीच अधिक आवडतात.