मुक्या सोबत्याचे तळवे

व्यापारी कुटुंबाचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. पहाटेचे दर्शन, मुलांची शाळा, दहाच्या सुमारास उघडणारे दुकान, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि त्यानंतर हिशेबाच्या उरलेल्या चार ओळी. अशा घरात लहानांच्या हट्टापायी एखादे कुत्रे येते, तेव्हा त्याच्या फिरण्याची वेळ या सर्वांतून उरलेल्या फटीत बसवली जाते. ती वेळ त्या प्राण्याला मानवते का, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण पट्टा हाती घेताच तो केव्हाही आनंदाने दाराकडे धाव घेतो.

मुंबईत मरीन ड्राइव्हच्या मागील बाजूस राहणाऱ्या एका कुटुंबात असेच घडले. घरातील वडीलधारे आजोबा मंगळदास मार्केटातले कापडाचे जुने व्यापारी. नातवंडांनी आणलेल्या लॅब्रेडोरचे नाव मोती. सकाळी सर्वांचीच घाई. सायंकाळचा स्वयंपाक लवकर सुरू होतो, म्हणून साडेतीन ते साडेचार हा घरातील मदतनीस मुलाला मोकळा मिळणारा काळ. तेवढ्यात त्याने मोतीला समुद्राकाठी फिरवून आणावे, असे ठरले. हिवाळाभर ही व्यवस्था उत्तम चालली.

मरीन ड्राइव्हची रचना मात्र या व्यवस्थेच्या विरुद्ध होती. समुद्र पश्चिमेला आणि इमारतींची रांग पूर्वेला. 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या याच आर्ट डेको इमारती सकाळी आपली सावली समुद्राच्या दिशेने टाकतात. सूर्य वर येतो तसतशी ती सावली मागे सरकते. दुपारनंतर सूर्य समुद्रावर असतो आणि किनाऱ्याची फरसबंदी त्याला पूर्णपणे सामोरी जाते. चार वाजता वारा सुखद वाटतो, ऊन कलल्यासारखे दिसते. पण पायाखालच्या दगडात भर दुपारपासूनची उष्णता साठलेली असते. रस्ता ओलांडताना लागणारे डांबर तर त्याहून अधिक तापते. हवेचे तापमान पंचवीस-तीस अंशच असले, तरी थेट उन्हातील डांबर पन्नास अंशांच्या आसपास जाऊ शकते. चप्पल घातलेल्या माणसाला याची जाणीव होत नाही.

वैशाखातील एका दुपारी मोती घरी परतला तो लंगडत. आधी वाटले, काटा किंवा काच लागली असेल. तो एका कोपऱ्यात बसून पंजे चाटू लागला, तेव्हा आजोबांनी दिवा जवळ आणून पाहिले. तळव्यांची कातडी दोन ठिकाणी सुटली होती आणि एका जागी फोड आला होता. घरात मदतनीस मुलावर रागाचे शब्द उमटले. तो मान खाली घालून इतकेच म्हणाला, “शेठजी, तो थांबलाच नाही. शेपूट हलवत चालत होता.”

त्याचे म्हणणे खरे होते. कुत्र्याची निष्ठा हीच येथे त्याची वैरीण ठरते. पट्टा धरणारा पुढे चालला की कुत्रेही चालते. पाय पोळत असले तरी सोबत सोडत नाही. थांबण्याचा विचार त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजोबा स्वतः खाली उतरले. कापडाचा पोत बोटांनी पारखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी वाकून हाताची पालथी बाजू फरशीवर टेकवली. पाच मोजण्याआधीच ती उचलावी लागली. मंदिराच्या प्रांगणात उन्हाळ्यात काथ्याच्या चटया अंथरून त्यांवर पाणी शिंपडले जाते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. माणसाच्या अनवाणी पायांची इतकी काळजी घेणाऱ्या घरात चार अनवाणी पाय रोज दुपारी तापल्या दगडावर पाठवले जात होते. घरी येऊन त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावले आणि सर्वांसमोर सांगितले, “अरे, वेळ तू ठरवली नव्हतीस. आम्ही ठरवली होती.”

त्या दिवसापासून घरचे वेळापत्रक बदलले. मोतीचे पाय भरून येईपर्यंत त्याचे फिरणे इमारतीच्या सावलीपुरते राहिले. त्यानंतर सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास, आजोबांच्या स्वतःच्या फिरण्याबरोबर होऊ लागली. सायंकाळी जेवण उरकताच बाहेर पडण्याचा मोह असे. पण सूर्य मावळला म्हणजे दगड निवला असे होत नाही. म्हणून उन्हाळ्यात रात्री नऊनंतर, तेही हात टेकवून पाहिल्यावरच. पालथा हात सात सेकंद सुखाने टेकवता आला नाही, तर ती जमीन कुत्र्याच्या पायांसाठी नाही, हा साधा नियम घरातील लहान मुलांनाही पाठ झाला.

तळव्यांइतकीच काळजी श्वासाची. माणसाला घामाने थंडावा मिळतो. कुत्र्याला तो मुख्यतः धापेतून मिळतो. मुंबईच्या दमट हवेत धापेने होणारे बाष्पीभवन मंदावते, म्हणून पारा फार वर नसतानाही धोका असतो. 2003 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे घरोघरी आवडता झालेला पग किंवा तशाच चपट्या नाकाच्या जाती यांना हा त्रास अधिक होतो. वृद्ध, स्थूल आणि दाट केसांच्या कुत्र्यांचेही तसेच. तोंड घट्ट बांधणारी जाळी उन्हात घालू नये. त्याने धापच बंद होते.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंशांच्या जवळपास असते. ते 41 च्या वर जाणे प्राणावर बेतू शकते. अखंड धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, अडखळती चाल, उलटी ही लक्षणे दिसताच सावलीत न्यावे, अंगावर साधे थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि विलंब न करता पशुवैद्य गाठावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये. त्याखाली उष्णता कोंडते. पोळलेल्या पायांवर थंड पाणी धरावे, घरगुती लेप लावू नयेत. माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. ती कुत्र्याला घातक ठरू शकते.

गर्दीच्या किनाऱ्यावर पट्टा आखूड आणि हातात घट्ट हवा. लांब सुटणाऱ्या दोरीत धावणाऱ्यांचे आणि मुलांचे पाय अडकतात. कठड्यावर कुत्र्याला चढू देऊ नये. पलीकडे टेट्रापॉडच्या खोल फटी आहेत. सावलीत झोपलेल्या भटक्या कुत्र्यांना वळसा घालून जावे. सोबत पाण्याची बाटली व वाटी असावी, आणि विष्ठा उचलण्यासाठी पिशवीही. रस्ता सर्वांचा आहे.

फिरवणे नकोच, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. सतत साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे, हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मालकाचा अपराध मानले आहे. फिरणे हा त्या जिवाचा हक्क आहे. केवळ त्याची वेळ माणसाच्या सोयीने नव्हे, तर जमिनीच्या तापाने ठरावी.

मोतीचे तळवे तीन आठवड्यांत बरे झाले. त्याच सुमारास आजोबांनी मदतनीस मुलाला एक अधिकार दिला. फरशी हाताला पोळली, तर घरातील कोणीही सांगितले तरी त्याने कुत्र्याला बाहेर नेऊ नये. पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी घरी आलेल्या पाहुण्यांना मोतीसोबत समुद्र पाहायचा होता. मुलगा खाली जाऊन आला आणि नम्रपणे म्हणाला, “आत्ता नाही. रात्री नेऊ.” पाहुण्यांना थोडे आश्चर्य वाटले. आजोबांनी मात्र समाधानाने मान डोलावली आणि चहा मागवला.