पावलामागचं लक्ष

१९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने स्वतःचंच दुखणं लिहिलं. नाव दिलं नाही, ‘जे. सी.’ एवढीच आद्याक्षरं. स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळे त्यांच्या दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी झाली होती. वाचताना डोकं पलंगाच्या गजांमध्ये घट्ट टेकवावं लागे, कारण नाडीच्या ठोक्यानेही डोकं हलायचं आणि अक्षरं नाचायची.

कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, शेजारी कॅल्शियमच्या बारीक स्फटिकांच्या दोन पिशव्या. डोकं वळलं की नलिकांच्या इशाऱ्यावर निमिषार्धात डोळे तितकेच उलटे वळतात, म्हणून चालताना समोरची पाटी स्थिर दिसते. ही सेवा अखंड चालू असते, म्हणूनच तिची कोणाला जाणीव नसते.

माझ्या आत्याच्या एका कानाची नस सुजली. घर गरगर फिरायचं ते काही दिवसांत थांबलं; चालण्यातला विश्वास मात्र परतला नाही. मंडईत ती माझ्या कोपराला नुसती बोटं टेकवते, भार टाकत नाही. तेवढ्या स्पर्शावरून मेंदूला आपण सरळ उभे आहोत की नाही ते कळतं. ‘‘आत्या, मेथी घ्यायची का?’’ विचारलं की ती थांबते, पाय रोवते, जुडीकडे बघते. ‘‘दोन घे.’’ मग पुढचं पाऊल.

नातेवाईक म्हणतात, हल्ली तिचं लक्षच नसतं. मला याचा राग येतो. तिचं लक्ष आहे, सगळंच्या सगळं आहे. ते फरशीच्या उंचवट्यावर, येणाऱ्या स्कूटरवर, स्वतःच्या टाचेवर खर्च होतंय. जे काम कान न सांगता करायचा, ते आता डोळे आणि तळपाय मन लावून करतात. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की डोळ्यांचीही मदत जाते. संध्याकाळी ती थकते ती या कामाने. बोलण्यासाठी चालणं थांबवावं लागणारी वृद्ध माणसं पुढे जास्त पडतात, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं होतं. तरी आपल्याकडे चक्कर म्हटली की आधी पित्त, मग मणका, मग ‘वयच झालं’; कानाच्या डॉक्टरकडे जायचं शेवटी सुचतं.

पडायच्या भीतीने मान ताठ धरून बसलं तर मेंदूला सराव मिळत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टने तिला कॅलेंडरवरच्या एका आकड्यावर नजर ठेवून मान हलवायला लावलं, आणि आता पाढे म्हणत व्हरांड्यात चालायला. बाराच्या पाढ्यापर्यंत पाय थांबत नाहीत. तेराला अजून अडखळतात.