आपल्या जिल्ह्याची ओळख

गतवर्षी परीक्षा जवळ आली असता गुरुजींनी वर्गात विचारले, "मिसिसिपी नदी कोणत्या समुद्रास मिळते?" आम्ही सर्वांनी हात वर केले. "मेक्सिकोच्या आखातास!" गुरुजी प्रसन्न झाले व म्हणाले, "ठीक. आता आपली मांजरा कोठे उगम पावते ते सांगा." वर्ग स्तब्ध झाला. अखेर मागील बाकावरून एक विद्यार्थी उठला व म्हणाला, "आमच्या पाटोदा तालुक्यात, गुरुजी, बालाघाटाच्या डोंगरात."

हा विद्यार्थी आईबापांबरोबर ऊसतोडीस जाऊन नुकताच परतला होता. त्याच्या गैरहजेरीबद्दल आम्ही त्यास हसत असू. त्या दिवशी मात्र आमचे आम्हासच हसू आले. पुढे सुट्टीत आम्ही जिल्ह्याचा नकाशा उघडून बसलो.

बीड जिल्ह्याचा कणा म्हणजे बालाघाट होय. त्याच्या उत्तरेस गोदावरीकाठची गंगथडी असून तेथील जमीन काळी व कसदार आहे. घाटावरील जमीन हलकी, मुरमाड. पावसाचे पाणी येथे तीन वाटांनी जाते. बिंदुसरा सिंदफणेस व सिंदफणा गोदावरीस मिळते. आष्टीकडील पाणी सीना नदीने भीमेस जाते. मांजरा मात्र पूर्वेस वळून लातूर व बीदर या भागांतून सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करिते आणि तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीसच येऊन मिळते.

भूगोल इतिहास कसा घडवितो, हेही आम्हास कळले. ता. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे गोदावरी दुथडी भरली होती. निजामाचे अर्धे सैन्य पैलतीरी गेले व अर्धे अलीकडे अडकले. थोरल्या माधवराव पेशव्यांनी ही संधी साधून जय मिळविला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला. तत्पूर्वी, सन १५८२च्या सुमारास, निजामशाहीतील सलाबतखानाने बीडनजीक खजाना विहीर बांधविली. मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर, तिचे पाणी भुयारी मार्गाने शेतांस पोहोचते. पूर आला तर नदी सैन्य अडविते. पाणी जपले तर एक विहीर शतकानुशतके शेते भिजविते.

आणि आमच्या सोबत्याचे बाक रिकामे का राहते, याचे उत्तरही त्याच नकाशात होते. सह्याद्रीवर बहुतेक पाऊस अडतो व आमच्या वाट्यास थोडा येतो. घाटावरील हलकी जमीन तोही धरून ठेवीत नाही. म्हणून दसरा-दिवाळी होताच सहस्रावधी कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. आम्ही ज्यास आळस समजलो, ती त्याच्या गावची निकड होती!

यंदा दिवाळीनंतर ती जागा पुन्हा रिकामी झाली. या खेपेस कोणी हसले नाही. आम्ही पाळीपाळीने त्याच्यासाठी धडे उतरून ठेवीत आहो. विद्यार्थिबंधुभगिनींनो, दूरदेशीच्या नद्या अवश्य पाठ करा. परंतु शेजारच्या बाकावरील सोबत्याचे गाव कोठे व कसे आहे, हेही एकदा त्यास विचारा. आम्ही ते फार उशिरा विचारले.