तंजावरच्या दुपारी रिकाम्या ठेवल्या आहेत

उन्हाळ्याची सुट्टी ठरवायला बसलं की तुमच्या घरात काय होतं? आमच्याकडे चार माणसांची चार मतं पडतात. पंधरा वर्षांच्या मुलाला समुद्र हवा असतो. नऊ वर्षांच्या मुलीला होडी आणि प्राणी हवे असतात. नवऱ्याला झाडांची सावली आणि शांतता हवी असते. आणि सासूबाई म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

यंदा व्हँकुव्हरला राहणाऱ्या माझ्या नणंदेने फारच आग्रह केला. "वहिनी, आईला घेऊन इकडेच या." तिने यादीही पाठवली. व्हँकुव्हर, व्हिक्टोरियाजवळची बुचार्ट गार्डन्स, सिएटल, पोर्टलँडची गुलाबाची बाग आणि खाली सॅन फ्रान्सिस्को. चुनखडीची जुनी खाण भरून तिथे बाग कशी फुलवली, याचे फोटो बघून मुलं हरखून गेली. पण सासूबाई सत्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखरे. त्या शांतपणे म्हणाल्या, "इतका वेळ विमानात बसणं माझ्याच्यानं होणार नाही. समुद्र आणि बागच बघायची ना? मग मला एकदा तंजावरला न्या."

आमच्या सासूबाई तंजावरच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता. लोक हसायचे. मग त्यांनी ते बोलणं बंद केलं आणि पुण्याची मराठी शिकून घेतली. आता ती जुनी मराठी त्या फक्त फोनवर बोलतात, तंजावरच्या मावसबहिणीशी. मावशी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. आमच्या मुलांनी आजीची ती भाषा समोर बसून कधी ऐकलेलीच नाही. पॅसिफिकचा किनारा पुढच्या वर्षीही तिथेच असेल. त्या दोघी बहिणींच्या गप्पांचं तसं नाही. म्हणून तंजावर ठरलं.

कधी जायचं?

तमिळनाडूत साधारण 4 मे ते 28 मे या दिवसांना 'अग्नी नक्षत्रम' किंवा 'कत्तिरी' म्हणतात. सर्वांत कडक ऊन याच दिवसांत. म्हणून आम्ही मे संपताना निघून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतायचं ठरवलं. ऊन तेव्हाही असणारच, पण मुलांची शाळा बुडत नाही. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. चेन्नईहून तंजावरला रात्रीची गाडी मिळते. मात्र चेन्नईत स्थानकं अनेक आहेत. मुंबई-पुण्याची गाडी एका स्थानकावर आणि पुढची दुसऱ्या, असं होऊ शकतं, तेव्हा मध्ये चार-पाच तास हाताशी ठेवा. विमानाने जाणार असाल तर तिरुचिरापल्लीला उतरा. तिथून तंजावर साठेक किलोमीटर.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवली आहे. फोटोत दिसतो तसा हिरवागार कावेरीचा खोरा या दिवसांत दिसणार नाही. मेट्टूर धरणाचं पाणी भातासाठी सोडायची परंपरेची तारीख 12 जून. त्याआधी बरीच शेतं कोरडी असतात. हिरवळ हा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनी पावसाळ्यानंतर जावं.

तीन दिवस तंजावर

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे 1675 च्या सुमारास तंजावरला स्थिरावले. 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं होतं. त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसांची घरं अजून तिथे आहेत, आणि आमच्या सासूबाईंचं माहेर त्यांतलंच एक.

राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ 1010 साली पुरं झालं. तिथे सकाळी उघडताच जायचं. दगडी फरशी नऊनंतर पाय भाजते, म्हणून सगळ्यांसाठी जाड मोजे घेतले आहेत. मुलांना शिखरापेक्षा एक भिंत दाखवायची आहे. सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला. पुण्याच्या शाळेत शिकलेली अक्षरं चोळांच्या देवळात दिसली की मुलांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

देवळाला लागूनच शिवगंगा तलाव आणि बाग आहे. जवळच 1779 सालचं श्वार्ट्झ यांचं चर्च. श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक, सरफोजींचे गुरू. त्यांच्या अखेरच्या क्षणी राजा भेटायला आला आहे, असं संगमरवरी शिल्प तिथे आहे.

राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय दुसऱ्या दिवशी. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. या सरफोजीराजांनी 'देवेंद्र कोरवंजी' नावाचं मराठी नाटक लिहिलं, ज्यात जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला आहे. गुगल मॅप हातात असलेल्या माझ्या मुलाला ही कल्पना एकदम आवडली.

आता दुपारचं. बारा-साडेबारा ते चार देवळं बंद असतात आणि उन्हात फिरणं शक्य नसतं. बहुतेक टूरवाले या वेळात गाडीत बसवून पुढच्या गावी नेतात. आम्ही तिन्ही दुपारी कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या मावशींच्या घरच्या. ताक, ताडगोळे, पंख्याखाली चटई आणि दोघी बहिणींचं बोलणं. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, अशी एक गोष्ट तिकडे सांगतात. आमसूल संपलं म्हणून आमटीत चिंच घातली, म्हणे! खरं-खोटं कुणी सांगावं, पण गोष्ट मावशींच्या तोंडून ऐकायची आहे.

मग समुद्र

एका संध्याकाळी मनोरा. तंजावरपासून सुमारे 65 किलोमीटरवर, समुद्राकाठी आठ मजली षट्कोनी बुरूज. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून सरफोजींनी तो 1814-15 मध्ये बांधला. इथला समुद्र उथळ, पोहायचा नव्हे, बघायचा. याच पाल्क उपसागरात समुद्रगाईंसाठी 2022 साली राखीव क्षेत्र जाहीर झालं. समुद्रगाय दिसेलच असं नाही, पण लेकीने तिचं चित्र आत्ताच वहीत काढलंय.

पुढचा मुक्काम तरंगंबाडी. 1620 साली डॅनिश व्यापाऱ्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि 1845 मध्ये गाव इंग्रजांना विकलं. किल्ल्यासमोर लगेच समुद्र. लाटा जोरदार असतात, पाय भिजवण्यापुरतंच उतरायचं, हा घरचा नियम. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून मोठ्या बोटींना मासेमारी बंद असते. त्यामुळे ताटात मासे कमी, पण किनाऱ्याला लागलेल्या बोटी जवळून बघता येतात.

तिथून पुदुच्चेरीला जाताना चिदंबरमजवळ पिचावरम लागतं. खारफुटीच्या बोगद्यांतून होडी जाते. होडीही झाली आणि सावलीही. पुदुच्चेरीत फ्रेंचांनी 1826 साली उभारलेली वनस्पती बाग आहे, ती नवऱ्याच्या वाट्याची. तिथे दोन रात्री, मग चेन्नईमार्गे घरी.

तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर एवढंच सुचवेन. दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा. खोली तळमजल्यावर मागा. एसी गाडी आधी ठरवा. औषधांची चिठ्ठी फोनमध्येही ठेवा. आणि बेत त्यांच्यासाठी आखण्याऐवजी त्यांच्याबरोबर बसून आखा. परवा सासूबाई मुलाला त्यांच्या गल्लीचा नकाशा कागदावर काढून दाखवत होत्या. विहीर कुठे, शाळा कुठे, फुलवाली कुठे बसायची. सांगता सांगता त्या नकळत त्यांच्या जुन्या मराठीत शिरल्या. मुलगा हसला नाही. "आजी, हे परत म्हण ना," म्हणाला आणि फोनवर रेकॉर्ड करायला लागला.

तिकिटं निघाली आहेत. तुमच्याही घरी "तुम्ही जाऊन या" म्हणणारं कुणी असेल, तर यंदा त्यांना आधी विचारा, तुम्हाला कुठे जायचंय?